केबल, रिचार्ज की ॲप? घरी मॅच पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मोसमाला हेच प्रश्न नव्याने येतात, कारण दर मोसमाला ॲपचं नाव तरी बदललेलं असतं, नाहीतर रिचार्जची अट तरी. खाली जिथे किंमत दिली आहे तिथे ती कधीची तेही लिहिलंय. पैसे भरण्याआधी आजचा दर बघूनच घ्या. कोणता सामना कुठे दिसतो हे भारतातल्या हक्कांप्रमाणे दिलंय. परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा प्रश्न आहे.

केबलचे पैसे दर महिन्याला भरतो, स्टार स्पोर्ट्स दिसतं. मग तीच मॅच जिओहॉटस्टारवर बघायला वेगळे पैसे का?

कारण तुम्ही केबलवाल्याला चॅनलचे पैसे देता, सामन्याचे नाही. टीव्हीवर दाखवायचा हक्क आणि इंटरनेटवर दाखवायचा हक्क हे दोन वेगळे सौदे असतात. आयपीएलचंच बघा. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे सगळे हक्क स्टारने एकगठ्ठा १६,३४७.५ कोटींना घेतले होते, म्हणून टीव्ही आणि हॉटस्टार एकाच घरचे होते. जून २०२२ च्या लिलावात बीसीसीआयने हक्कांचे तुकडे पाडले. २०२३ ते २०२७ साठी भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटल हक्क रिलायन्सच्या व्हायाकॉम१८ कडे गेले. २०२३ आणि २०२४ मध्ये टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स आणि मोबाइलवर जिओसिनेमा, असं दोन घरचं जेवण होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन कंपन्या एक होऊन जिओस्टार झाली आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार सुरू झालं. मालक एक झाला तरी हिशोब एक झाला नाही. केबलच्या बिलातून चॅनलचा हिस्सा जातो, ॲपची वर्गणी वेगळी भरावी लागते. एकावर दुसरं आपोआप मिळत नाही.

अमेरिकेत माझी मावसबहीण केबलच्या लॉगिनने खेळाचं ॲप उघडते. आपल्याकडे तशी सोय का नाही?

तिकडे ती पद्धत जुनी आहे. ईएसपीएनसारख्या चॅनलचं ॲप उघडायचं, आपली केबल कंपनी निवडायची, तिचं युजरनेम-पासवर्ड टाकायचं, की चॅनल फोनवर चालू. केबलचं बिल तिकडे इतकं मोठं असतं की गिऱ्हाईक सोडून जाऊ नये म्हणून केबल कंपन्या आणि चॅनलवाले दोघांनाही ही सोय परवडते.

आपल्याकडे गणित उलटं आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि केबलवरची सरकारी नियामक संस्था. तिच्या नियमानुसार चॅनल बुकेत, म्हणजे अनेक चॅनलच्या एकत्र पॅकमध्ये, टाकायचा असेल तर त्याची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. एवढ्याशा पैशांत वर ॲपही द्यायला कोणता चॅनलवाला तयार होईल? शिवाय आपल्याकडे केबलची ओळख म्हणजे बॉक्सचा व्हीसी नंबर, म्हणजे त्यातल्या कार्डाचा क्रमांक. तो बॉक्स कित्येकदा आधीच्या भाडेकरूच्या नाहीतर वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. ॲपची सगळी मदार मोबाइल नंबर आणि ओटीपीवर. या दोन याद्या जुळवायला कोणाला सवड नाही आणि गरजही वाटलेली नाही.

म्हणजे केबल किंवा डीटीएचबरोबर ॲप मिळतच नाही?

मिळतं, पण जोडून विकत घेतलं तर. टाटा प्लेचं बिंज आहे, त्यात अनेक ओटीटी ॲप एका वर्गणीत येतात. एअरटेल ब्लॅकमध्ये पोस्टपेड, फायबर आणि डीटीएच यांचं बिल एक करून मिळतं आणि वर काही ॲप येतात. जिओच्या घरगुती फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये जिओहॉटस्टार असतं. आणि आता तुमच्या गल्लीतला केबलवालाही बहुतेक ब्रॉडबँड विकतो. ‘नेट घ्या, ओटीटी फ्री’ हे पत्रक त्याच्याकडूनच आलेलं असतं. त्यातलं ॲप ब्रॉडबँडच्या प्लॅनमधून येतं, टीव्हीच्या पॅकमधून नाही. म्हणजे नेट बंद केलं की ॲपही गेलं.

असं पत्रक हातात आलं की ‘किती ॲप’ हे विचारू नका. अठरा-वीस ॲपची यादी छान दिसते आणि त्यात क्रिकेट दाखवणारं एकही नसतं, असं सर्रास होतं. विचारायचं ते असं: यात जिओहॉटस्टार आणि सोनी लिव्ह आहे का? असल्यास कोणत्या पातळीचं, फक्त मोबाइलवर चालणारं की टीव्हीवरही? किती दिवसांचं? आणि ते कोणत्या नंबरवर चालू होणार? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, सगळं आहे’ याला नंतर काही किंमत राहत नाही.

‘रिचार्जबरोबर जिओहॉटस्टार फ्री’ म्हणजे खरंच फुकट का?

फुकटचा काळ होऊन गेला. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना विनाशुल्क होती आणि त्याआधी २०२२ चा फुटबॉल विश्वचषकही तसाच दाखवला होता. त्या दोन वर्षांत लोकांना जी सवय लागली, तिची किंमत आता रिचार्जमधून वसूल होते आहे असं माझं मत आहे.

२०२५ च्या आयपीएलच्या वेळचा एक पॅक उदाहरणादाखल घेऊ. जिओचा १०० रुपयांचा पॅक: ५ जीबी डेटा आणि ९० दिवसांचं जिओहॉटस्टार. त्याच सुमारास ॲपची स्वतःची तीन महिन्यांची मोबाइल वर्गणी १४९ रुपये होती. म्हणजे पॅक स्वस्तच. पण बारकावे बघा. एक, हा नुसता डेटा पॅक, त्यावर नंबर चालू राहत नाही. खाली मूळ प्लॅन चालू असावा लागतो. दोन, महिन्याचा प्लॅन असलेल्यांनी तो संपल्यावर ४८ तासांच्या आत पुन्हा रिचार्ज केलं तरच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचं जिओहॉटस्टार मिळेल, अशी अट होती. पगार उशिरा झाला, चौथ्या दिवशी रिचार्ज केलं, की ९० दिवसांचे ३० दिवस.

आणि तिसरी गोष्ट डेटाची. सेकंदाला ३ मेगाबिट वेगाचं बऱ्यापैकी स्वच्छ चित्र धरलं तर तासाला साधारण १.३५ जीबी जातो. ट्वेंटी-२० ची एक मॅच साडेतीन-चार तासांची. म्हणजे तो ५ जीबी एका संध्याकाळीच संपला. बाकीचे एकोणनव्वद दिवस रोजच्या दीड-दोन जीबीत भागवा, नाहीतर घरच्या वायफायवर बघा. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याच्यासाठी असे पॅक खरोखर फायद्याचे. ज्याची सगळी भिस्त मोबाइल डेटावर आहे, त्याने चित्राचा दर्जा खाली आणून बघावं किंवा सरळ केबल धरावी.

रिचार्ज झालं, मेसेज आला, तरी ॲप पैसेच मागतंय.

बहुतेक वेळा नंबरची गडबड असते. बंडल ज्या नंबरवर घेतलं त्याच नंबरने ॲपमध्ये लॉगिन करावं लागतं. घरात रिचार्ज बाबांच्या नंबरवर आणि टीव्हीवरचं ॲप मुलीच्या नंबरने उघडलेलं, ही नेहमीची कथा. ॲपमध्ये लॉगआउट करा, बाबांचा नंबर टाका, त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी भरा, झालं. बाबा गावी असले तर ओटीपी फोनवरून विचारून घ्या, पण मॅच सुरू होण्याआधी. टॉस झाल्यावर बाबा फोन उचलत नाहीत.

फायबरबरोबर आलेलं ॲप असेल तर जोडणी घेताना दिलेला नंबर चालतो. तो जुना, बंद पडलेला असला तर आधी कंपनीकडून बदलून घ्यावा लागतो. काही योजनांत नुसतं रिचार्ज पुरत नाही. मायजिओ किंवा एअरटेल थँक्ससारख्या ॲपमध्ये जाऊन ‘क्लेम’ किंवा ‘ॲक्टिव्हेट’ करावं लागतं. तो मेसेज जाहिरात समजून पुसला जातो आणि मग वैधतेचे दिवस वाया जातात.

फोनवर मॅच चालते, टीव्हीवर लावली की ‘अपग्रेड करा’ येतं.

तुमच्याकडे मोबाइल पातळीची वर्गणी आहे. ती एकाच फोनवर चालते, टीव्हीवर नाही. फोनचा पडदा टीव्हीवर टाकायची युक्तीही बहुधा चालत नाही, काळा चौकोन दिसतो. टीव्हीसाठी वरची पातळी लागते. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाइल वर्षाला ४९९, दोन उपकरणांवर चालणारी सुपर ८९९ आणि चार उपकरणांची प्रीमियम १,४९९ रुपये अशी रचना होती.

प्रीमियम घेतलं तरी मॅचमध्ये जाहिराती का?

जाहिरातमुक्त म्हणजे मालिका आणि सिनेमे. थेट सामन्यात ओव्हरच्या मध्ये जाहिरात येणारच, कितीही पैसे भरा. फक्त क्रिकेटसाठी प्रीमियम घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

कोणता खेळ कुठे? सगळ्यासाठी किती ॲप लागतील?

क्रिकेटपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लोक ‘भारताची मॅच’ असं एकच खातं धरतात. हक्क मात्र यजमान मंडळाप्रमाणे विकले जातात. भारतात होणाऱ्या मालिका बीसीसीआयच्या. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२८ पर्यंतचे टीव्ही आणि डिजिटल दोन्ही हक्क व्हायाकॉम१८ ने घेतले, म्हणजे आता जिओस्टार. आयसीसीच्या विश्वचषकांसाठी २०२४ ते २०२७ चा करार डिस्ने स्टारचा, तोही त्याच घरात आला. ऑस्ट्रेलियात मालिका असली तरी तिथेच. न्यूझीलंडमध्ये असली तर सोनी. आशिया चषक २०२४ ते २०३१ पर्यंत सोनीकडे. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये जिओहॉटस्टारची वर्षाची वर्गणी भरलेल्या लोकांनाही भारत-पाकिस्तान बघायला सोनी लिव्ह शोधावं लागलं. वेस्ट इंडिजमधलं क्रिकेट बरीच वर्षं फॅनकोड या खेळाच्या ॲपवर दिसत आलंय.

सगळ्यात मजेदार उदाहरण २०२५ च्या उन्हाळ्यातल्या इंग्लंड दौऱ्याचं. पाच कसोटी टीव्हीवर सोनी स्पोर्ट्सवर, पण मोबाइलवर सोनी लिव्हवर नाही, तर जिओहॉटस्टारवर. सोनीने डिजिटल हक्क पुढे विकले होते. ज्याच्या केबलमध्ये सोनीचा पॅक होता आणि फोनवर जिओहॉटस्टार होतं, त्याचं दोन्हीकडे भागलं. ज्याने केवळ नावावरून सोनी लिव्ह घेतलं, तो ओव्हलची ती शेवटची सकाळ बघायला मुकला असणार. सिराजने गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत सहा धावांनी जिंकला, ती सकाळ.

क्रिकेटबाहेर: प्रो कबड्डी स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टारवर. इंग्लिश प्रीमियर लीग २०२५-२६ पासून तीन मोसम जिओस्टारकडे, चॅम्पियन्स लीग सोनीकडे, ला लीगा २०२५-२६ पासून फॅनकोडवर. फॉर्म्युला वन २०२४ पासून फॅनकोडवर आली, आणि फॅनकोड बरं आहे ते यासाठी, की तिथे पूर्ण वर्गणी न भरता एका शर्यतीचा किंवा एका मालिकेचा पास घेता येतो. टेनिसमध्ये विम्बल्डन जिओस्टारकडे, ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन सोनीकडे.

थोडक्यात, फक्त भारताचं क्रिकेट बघणाऱ्याला एक ॲप वर्षभर आणि दुसरं महिनाभर पुरतं. सोनी लिव्ह आशिया चषकासारख्या स्पर्धेच्या महिन्यापुरतं घ्या आणि सोडा. बंडलवाल्यांना तुम्ही सगळं वर्षभरासाठी घ्यायला हवं असतं, तुम्हाला ते नको असतं.

मला फक्त स्टार स्पोर्ट्स हवंय. केबलवाला म्हणतो, पूर्ण पॅकच घ्यावा लागेल. खरं का?

नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या ट्रायच्या पद्धतीत प्रत्येक सशुल्क चॅनल सुटा घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि त्याची किंमत जाहीर असते. केबलवाला ‘नाही मिळत’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मला बॉक्सला एक एक चॅनल टाकत बसायचा कंटाळा आहे’ असा असतो. तो कंटाळाही समजण्यासारखा आहे. शंभर घरांचे शंभर पॅक सांभाळणं सोपं नाही.

तरीही हिशोब करून मगच अडून बसा. बिलाचे दोन भाग असतात: जोडणी चालू ठेवण्याचं नेटवर्क शुल्क आणि त्यावर चॅनलचे पैसे, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. नेटवर्क शुल्कावर पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा. खेळाचे दोन-तीन चॅनल सुटे घेऊन घरातल्या मालिकांचे चॅनल काढणार असाल तर बचत दिसते. पण आईची झी मराठी, बाबांच्या बातम्या, मुलांची कार्टून्स असं सगळं सुटं जोडत गेलात तर बेरीज पॅकच्या पुढे जाते. एचडी आणि साधं, दोन्ही आवृत्त्या पॅकमध्ये येत असतील तर एक काढून टाका. तोच सामना दोनदा विकत घेण्यात काही हशील नाही.

मोसम संपला की चॅनल काढता येतो, हेही फार कमी लोक वापरतात. मे महिन्याच्या शेवटी आयपीएल संपली, घरात दुसरं कोणी खेळ बघत नाही, तर केबलवाल्याला मेसेज टाका.

गावी आजोबांच्या फ्री डिशवर भारताची मॅच दिसते. माझ्या केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर भलतंच काहीतरी चालू. मी पैसे भरून बघू शकत नाही आणि ते फुकट बघतात?

हो, आणि हे कायद्यानेच तसं आहे. २००७ चा एक कायदा सांगतो की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण ज्या खासगी वाहिनीकडे आहे, तिने ते प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेलाही द्यायचं. जाहिरातीच्या उत्पन्नातले ७५ टक्के वाहिनीला, २५ टक्के प्रसार भारतीला. यादीत ऑलिम्पिक आहे, भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामने आहेत. आयपीएल मात्र नाही. ती बीसीसीआयची स्पर्धा, देशाचा संघ त्यात खेळत नाही.

भांडण पुढे सुरू झालं. केबल आणि डीटीएचवाल्यांना दूरदर्शनचे चॅनल दाखवणं सक्तीचं आहे. म्हणजे दूरदर्शनवर मॅच आली की ती केबलवरही फुकट दिसायची आणि ज्याने कोट्यवधी मोजले त्या वाहिनीचा चॅनल कोण घेणार? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ ऑगस्ट २०१७ ला निकाल आला: हे प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या टॉवरवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवायचं. खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून एकाच वेळी एकाच डीडी स्पोर्ट्सवर आजोबांना थेट सामना आणि तुम्हाला जुन्या हॉकीची पुनरावृत्ती.

फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं. घरी फक्त भारताचे सामने आणि बातम्या बघणारी वयस्कर मंडळी असतील तर त्यांना ॲप, ओटीपी, पासवर्डच्या फंदात पाडण्यापेक्षा हाच मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

मराठी समालोचन कुठे मिळेल?

सहसा ॲपवर. टीव्हीच्या एका चॅनलवर एक-दोनच भाषा बसतात, ॲपला एकाच सामन्यासाठी अनेक भाषा देता येतात. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमाने बारा भाषा दिल्या, त्यात मराठी आणि भोजपुरीही होत्या. त्या मोसमात केदार जाधव मराठीत समालोचन करत होता आणि मध्येच मे महिन्यात जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला बंगळुरूच्या संघात बोलावणं आलं. माइक ठेवून माणूस पॅड बांधायला गेला. भाषा बदलण्यासाठी सामना चालू असताना ‘ऑडिओ’ किंवा ‘भाषा’ हा पर्याय बघा. काही सामन्यांना मराठी नसते, मग तो पर्याय दिसतच नाही. ॲप बिघडलेलं नसतं.

शेजारी ओरडतात तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपवर असतो.

शेजाऱ्यांकडे केबल आहे, तुमच्याकडे ॲप. इंटरनेटवर चित्राचे लहान लहान तुकडे करून पाठवतात आणि ॲप त्यातले थोडे साठवून मगच दाखवायला सुरुवात करतं, म्हणजे मध्ये अडकू नये. ती साठवण म्हणजेच उशीर, अर्धा मिनिटही होतो. वायफायचा वेग वाढवून तो जात नाही, फार तर अडकणं कमी होतं. उपाय दोन: शेवटच्या षटकांना फोनवरच्या स्कोअरच्या सूचना आणि मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवणं, किंवा त्या दिवशी केबल लावणं.

आम्ही पुण्यात, आई-बाबा कोल्हापूरला, मुलगा होस्टेलवर. एकच वर्गणी चालेल का?

उपकरणांच्या मर्यादेत तांत्रिकदृष्ट्या चालते, पण अटी वाचल्या तर वर्गणी एका घरापुरती असते आणि कंपन्या हळूहळू ते आवळत चालल्यात. त्यापेक्षा अडचण वेगळीच: दोन उपकरणांच्या वर्गणीवर भारत-पाकिस्तानच्या दिवशी तिसरा लॉगिन झाला की पहिला बाहेर फेकला जातो. तो पहिला बहुधा आई-बाबांचा टीव्ही असतो आणि पुन्हा ओटीपी तुमच्या फोनवर येतो. आई-बाबांना त्यांच्या नंबरवरचा रिचार्ज पॅक लावून द्या, सगळ्यांची सुटका.

आम्ही परदेशात असतो. भारतातली वर्गणी तिथे चालेल?

क्रिकेटसाठी नाही, हक्क देशानुसार बांधलेले असतात. अमेरिकेतलं हॉटस्टार २०२२ मध्येच बंद झालं. तिकडे आयपीएल आणि बरंचसं क्रिकेट विलोवर. विलो हा चॅनल आहे, त्यामुळे केबल कंपन्यांच्या आणि स्लिंगसारख्या सेवांच्या पॅकमध्येही मिळतो. तिथल्या मराठी घरांनी आधी आपल्या केबल किंवा नेटच्या पॅकमध्ये तो आहे का ते बघावं, मग वेगळी वर्गणी भरावी. ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्स. घरी स्कायची जोडणी असेल तर स्काय गो ॲप त्याच पैशांत येतं, आणि जोडणी नको असेल तर नाऊ या इंटरनेट सेवेवर एका दिवसाची वर्गणी घेता येते. ऑस्ट्रेलियात फॉक्सटेलच्या गोटातलं कायो हे ॲप.

व्हीपीएन लावून भारतातलं ॲप उघडणं अटींमध्ये बसत नाही. शिवाय मोठ्या सामन्याच्या वेळी असे मार्ग ओळखून बंद केले जातात.

ऑटोपे चालू राहिलं, वर्षाचे पैसे कापले गेले.

ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी रद्द झाली असं नसतं. यूपीआयवरून घेतली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या ठिकाणी जाऊन रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती बघितली तर वेळेवर थांबवता येतं. फोनच्या प्ले स्टोअरमधून किंवा टीव्हीवरूनच घेतली असेल तर रद्दही तिथूनच होते.

मंडळाने चौकात पडदा लावून फायनल दाखवली तर?

घरगुती वर्गणी, केबलची असो की ॲपची, सार्वजनिक ठिकाणी दाखवण्यासाठी नसते. हॉटेल, बार, क्लब यांच्यासाठी व्यावसायिक दर वेगळे असतात आणि चौकातल्या पडद्यासाठी हक्क असलेल्या कंपनीची परवानगी लागते. शिवाय पोलिसांची आणि पालिकेची असतेच. ‘तिकीट लावलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

टेलिग्रामवर लिंक येते, फुकट दिसते. बघू का?

नको. चोरून प्रक्षेपण करणं कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळंच. पण बघणाऱ्याचं नुकसान लगेच होतं: लिंकवरून उतरवलेलं ॲप तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मेसेजमध्येच बँकेचे ओटीपी येतात. शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम कोणी घेऊ नये.

मग केबल काढून टाकू का?

घरात चांगलं वायफाय आहे, स्मार्ट टीव्ही आहे आणि मालिका बघणारं कोणी नाही, तर काढा. या तिन्हींपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर ठेवा. पावसाळ्यात फायबर तुटली की चार दिवस माणूस येत नाही अशा भागात राहत असाल तर त्या चार दिवसांत विश्वचषकाचा उपांत्य सामनाही येऊ शकतो. आणि घरातल्या ज्येष्ठांना रिमोटवरचा चॅनलचा आकडा पाठ असतो. ‘ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, लाइव्ह दाबा’ हे दर वेळी फोनवर सांगायला तुम्हाला वेळ आहे का, तेही बघा. मला विचाराल तर साध्या केबल पॅकमध्ये खेळाचा एक-दोन चॅनल आणि एका फोनवर रिचार्जमधून आलेलं ॲप, ही जोडी बहुतेक मध्यमवर्गीय घरांना पुरते. दोन्हीकडे सगळ्यात वरची पातळी घेणं म्हणजे एकाच सामन्याला दोन तिकिटं.

चॅनलचे पैसे घेतले, चालू केला नाही. तक्रार कुठे?

आधी केबलवाला. नाही ऐकलं तर त्याच्या वरची कंपनी, म्हणजे हॅथवे, डेन, जीटीपीएल किंवा जी कोणती असेल ती. तिच्या ग्राहक सेवेत तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. बॉक्सवरचा किंवा कार्डवरचा नंबर जवळ ठेवा, त्याशिवाय पुढे कोणी बोलत नाही. तिथेही काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. ॲपच्या पैशांची तक्रार असेल तर ॲपची मदत सेवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, बंडलचा मेसेज आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं उत्तर, एवढं सोबत असलं तर बोलणं लवकर आटपतं.